पडली की केली

"वैनी, सेन्सर गेलाय," दिगू मिस्त्री म्हणाला.

"कुठला?"

"तेच तर बघतोय."

तेच तो आठवडाभर बघत होता. आधी एक सेन्सर बदलला, मग दुसरा, मग पेट्रोलचा फिल्टर. दर वेळी गाडी त्याच्या आवारात शहाण्या पोरासारखी चालायची. रस्त्यावर काढली की देवरुखच्या बाहेर कुठेतरी न सांगता बंद पडायची, आणि थोडं थांबलं की पुन्हा सुरू. दिगू बोलघेवडा माणूस. साखरप्यापासून संगमेश्वरापर्यंत आपल्याइतकं इंजिन कुणाला कळत नाही, हे तो स्वतःच सांगायचा, दुसऱ्या कुणावर ते काम सोडायचा नाही. त्या दिवशी मात्र त्याचा सूर जरा खाली होता.

"राग मानू नका वैनी," चिंधीला हात पुसत तो म्हणाला, "पण गाडीला काहीतरी लागलेलं आहे. राजनदादा अजून सोडत नाय तिला. एक नारळ फोडा, लिंबू बांधा, आणि भंगारात द्या."

"लिंबू बांधून भंगारात द्यायची असेल तर लिंबू कशाला वाया घालवू?"

तो हसला, पण गाडीकडे पाठ करूनच. त्याला खरंच भीती वाटत होती. मला वाटत नव्हती असं नाही. पण मला भुताचं उत्तर नको होतं. भुतानं गाडी बंद केली असं मी माझ्या मुलीला सांगू शकत नव्हते.

राजन माझा नवरा. सहा वर्षांपूर्वी याच गाडीत, आंबा घाटाच्या उतारावर तो गेला, आणि गाडी मी चालवत होते. आम्ही कोल्हापूरहून परत येत होतो. त्याच्या अंगात ताप होता, म्हणून डाव्या बाजूच्या सीटवर शाल घेऊन पडला होता. मुलगी मैथिली तेव्हा जेमतेम रांगत होती, ती घरी सासऱ्यांजवळ. एका वळणाच्या तोंडाशी इंजिनाचा आवाज थांबला. नुसता थांबला. खडखड नाही, धक्का नाही. टायरांचा रस्त्यावरचा आवाज आणि रातकिडे, एवढंच ऐकू येत राहिलं. स्टिअरिंग दगडासारखं झालं, ब्रेक एकदा लागला आणि मग पाय रोवूनही दबेना. गाडी वळली नाही. डावी बाजू कातळावर गेली. राजन "नीला" म्हणाला की म्हणाला नाही, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

दवाखान्यात शुद्ध आली तेव्हा अप्पा, म्हणजे माझे सासरे, उशाशी होते. माझा जबडा मोडला होता. बांधायच्या आधी मी त्यांना एवढंच बोलू शकले, "अप्पा, गाडी बंद पडली." ते माझ्याकडे बघत राहिले. मग बाहेर गेले. दाराशी हवालदार उभा होता, आणि अप्पांचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. "उतारावर गाडी बंद केली म्हणते."

पडली आणि केली. एवढाच फरक. पण आमच्याकडे त्या फरकाला फार अर्थ आहे. घाटात उताराला इंजिन बंद करून गाडी सोडायची, पेट्रोल वाचवायचं, ही आमच्या पट्ट्यातली जुनी सवय. टेम्पोवाले करतात, जीपवाले करतात, राजनही करायचा. मी त्याला त्यावरून बोलायचे. त्यामुळे बाईनं नवऱ्याचं बघून तसंच केलं आणि नवऱ्याला घालवून बसली, हे लोकांना लगेच पटलं. माझा जबडा तारेनं बांधलेला होता. तो सुटेपर्यंत गोष्ट गावभर होऊन, मुरून, लोणचं झाली होती. नंतर मी शंभरदा सांगितलं. लोक मान हलवायचे, "बरं बरं" म्हणायचे, आणि विषय बदलायचे. त्या "बरं बरं"ची मला इतकी चीड यायची की हातातलं भांडं आपटावंसं वाटायचं, आणि एकदोनदा आपटलंही.

अप्पा मात्र त्या विषयावर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी गाडी दुरुस्त करून आणली, अंगणात ताडपत्रीखाली उभी केली, आणि कुणालाही हात लावू दिला नाही. मी माहेरी लांज्याला गेले नाही. मुलगी तिच्या घरात वाढावी असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर मी गेले असते तर लोक म्हणाले असते, बघा, तोंड लपवून गेली. राहिले. अप्पांना दोन्ही वेळा जेवायला वाढत राहिले.

हळूहळू एक वाईट गोष्ट झाली. मलाच खात्री वाटेना. पहाटे जाग यायची आणि हातात किल्ली फिरवल्याची जाणीव असायची. बोटं वळलेली असायची. केली असेल का मी? पेट्रोल वाचवावं असं एखाद्या क्षणी वाटलं असेल? जे आठवतं ते घडलेलं आठवतं, की लोकांनी सांगितलेलं? याचं उत्तर कुणाला विचारायचं? जो शेजारी होता तो गेला होता.

तेही मी ओढत नेलं असतं. पण मैथिली पहिलीत गेली आणि एक दिवस वरणभात कालवता कालवता म्हणाली, "आई, तू बाबांना मारलंस?" रागानं नव्हे. शाळेत कुणी म्हणालं होतं, ते खरं की खोटं एवढंच तिला हवं होतं. मी "नाही" म्हणाले. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "बरं बरं."

त्याच महिन्यात अप्पा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी डोंबिवलीला लेकीकडे गेले. एस.टी. स्टँडवर त्यांना सोडून मी घरी आले आणि ताडपत्री ओढली. दिगूला बोलावलं. गाडी आपोआप बंद पडते की नाही, एवढंच मला त्याच्याकडून हवं होतं. पडते, हे पहिल्याच दिवशी कळलं, आणि मी त्याच्या गॅरेजच्या पायरीवर बसून रडले. पण का पडते, हे कळल्याशिवाय ते कुणाला सांगणार? लोक म्हणाले असते, सहा वर्षं उभी होती, पडणारच.

"नारळ नको," मी दिगूला म्हटलं. "घाटात जाऊ."

"कोण जाऊ?"

"तू आणि मी. तू चालव."

त्यानं तोंड वाकडं केलं. बायकोनं सांगितलंय, आज शनिवार आहे, पायाला मुंग्या येतात, अशी चारपाच कारणं सांगितली. मी म्हटलं, "मग मी एकटी जाते." तेव्हा कुठे उठला. उठला तो मात्र कामाला लागला. पेट्रोलच्या नळीत त्यानं एक प्रेशर गेज जोडलं, त्याची लांब रबरी नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढली, आणि घड्याळासारखी ती तबकडी पुढच्या काचेवर बाहेरून चिकटवून टाकली.

"तुम्ही या काट्यावर नजर ठेवायची," तो म्हणाला. "गाडी बंद पडेल तेव्हा आधी इंजिन थांबतं की आधी काटा खाली येतो, तेवढं सांगा. इंजिन आधी, तर सेन्सर. काटा आधी, तर पेट्रोल पोचत नाय."

"हे आधी का नाही केलंस?"

"आधी सेन्सरच होता ना," तो म्हणाला, आणि यावर काही बोलण्यात अर्थ नव्हता.

मी डाव्या सीटवर बसले. त्या सीटवर मी कधीच बसले नव्हते. नवं कापड घातलं होतं, पण दार लावताना लागतो तो जोर तसाच होता, आणि काचेच्या कडेला राजननं चिकटवलेल्या गणपतीचा गोंद अजून होता. माझे हात गार पडले. दिगूनं ते बघितलं असावं, कारण साखरप्यापर्यंत तो एकसारखा बोलत राहिला. त्याच्या मेव्हण्याचं लग्न, त्यातली आमटी, आमटीतलं मीठ. त्या दिवशी त्याच्या बडबडीचे माझ्यावर फार उपकार झाले.

ऊन रणरणत होतं. घाट चढताना गाडी कुठेही अडली नाही. वर जाऊन आम्ही वळलो आणि उताराला लागलो. दिगूची बडबड कमी होत गेली. मी काट्याकडे बघत होते. रस्त्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी वळणं अंगाला कळत होती. हे एक, मग झाडाखालचं, मग मोरीचं, आणि मग ते. कातळ जवळ येतोय हे मला न बघता कळलं.

त्या वळणाला काही झालं नाही. गाडी निघून गेली. मी श्वास सोडला आणि दिगू म्हणाला, "बघा, दादानं सोडली." पुढच्या खड्ड्यात चाक आदळलं, आणि काटा पडला.

काटा पडला आणि इंजिन चालू होतं. एक क्षण, दीड क्षण. मग ते थांबलं. तीच शांतता आली. टायर, आणि झाडीतले किडे. सहा वर्षं जी मी झोपेत ऐकत होते ती शांतता भर दुपारी माझ्या शेजारी येऊन बसली, आणि मी ओरडायला तोंड उघडलं तर जबडा हलेना. दिगूनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढलं, हँडब्रेक वर घेतला, आणि गाडी गटाराच्या कडेला लागून थांबली. त्याच्या कपाळावर घाम होता. दिगू गप्प बसलेला मी तेव्हाच पाहिला.

"वैनी," शेवटी तो म्हणाला, "मी पैलवान माणूस. माझ्या हातानं जेमतेम वळली. तुम्ही कशी वळवणार होता?"

हे वाक्य मला सहा वर्षांपूर्वी कुणीतरी म्हणायला हवं होतं. मी पदरात तोंड घालून रडले. तो खाली उतरून उगाच टायर तपासत राहिला.

मग म्हणाला, "काटा आधी?"

"काटा आधी."

"मग सेन्सर नाय," तो कबूल झाला. त्याला ते जड गेलं.

पेट्रोलचा पंप टाकीत असतो, मागच्या सीटखाली. दिगूनं सीट उचलून तिथल्या वायरीला बल्ब लावून बघितला. पेटला नाही. पुढे बॉनेटमध्ये लावला, तिथे पेटला. "पुढून करंट निघतोय आणि मधेच कुठंतरी गायब होतोय," असं म्हणत त्यानं ड्रायव्हरच्या बाजूची चटई उखडायला घेतली. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून बघत होते. चटईखालून एक तांबडी-पिवळी पिळाची वायर निघाली. गाडीची नव्हे. घरात पंख्याला, दिव्याला घालतात तसली. ती ड्रायव्हरच्या सीटखाली गेली होती, आणि तिथे सीटच्या लोखंडाला एक साधं घरगुती बटण स्क्रूनं बसवलं होतं.

"चोरस्विच," दिगू म्हणाला. "गाडी चोरीला जाऊ नये म्हणून बसवतात. बटण बंद केलं की पंपाला करंट नाय. चोर किल्ली फिरवून थकतो. बसवलाय ते ठीक, पण जोड बघा. नुसता पीळ मारून वर टेप. सोल्डरचा डाग नाय दिलेला. तापला, धक्का लागला की सुटतोय. गार झाला की परत चिकटतोय." त्यानं तो जोड माझ्यापुढे धरला. "कुठल्या गाढवानं केलंय हे?"

काळ्या टेपचं शेवटचं टोक दुमडून त्याची छोटी त्रिकोणी शेपटी केली होती. नंतर उघडताना नखानं खरवडायला लागू नये म्हणून. आमच्या घरातल्या प्रत्येक जोडावर ती शेपटी आहे. न्हाणीघरातल्या दिव्यावर, मिक्सरच्या वायरीवर, पाण्याच्या मोटारीवर. देवरुखात अप्पा शेट्यांचं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान, आणि घरातलं वायरिंग ते दुसऱ्याच्या हाताला द्यायचे नाहीत. "टेपचं टोक दुमडत नाही तो वायरमन नव्हे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी दिगूला म्हटलं, "काढून टाक. सगळं सरळ जोड. आणि हे कुणाला बोलू नकोस."

त्यानं त्या शेपटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याच्या गॅरेजातलं वायरिंगही अप्पांनीच केलेलं होतं. "नाय बोलत," तो म्हणाला, आणि माझ्या माहितीप्रमाणे तो कधीच बोलला नाही.

अप्पा येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. किती वाक्यं मी तयार केली. स्वयंपाक करताना, कपडे पिळताना, मी त्यांना भिंतीशी उभं करून विचारत होते. तुमच्या हातानं मेला तुमचा मुलगा. माझ्या नव्हे, तुमच्या. असं म्हणताना मला बरं वाटायचं. ते लपवण्यात अर्थ नाही, फार बरं वाटायचं.

आणि मग ते रिक्षातून उतरले. डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात लेकीनं दिलेली चिवड्याची पिशवी. पायरी दिसेना म्हणून पाय चाचपत वर आले. मला त्यांची दया आली. त्यांना माहीत नसेल, मी मनात म्हटलं. बिचाऱ्यानं मुलाची गाडी चोरीला जाऊ नये म्हणून बटण बसवलं आणि विसरून गेला. हे आता या वयात सांगून त्यांना मारायचं कशाला? मुलीला मी काहीतरी सांगेन. पेट्रोलात कचरा होता म्हणेन. तेवढंही पुरेल.

संध्याकाळी ओटीवर बसल्या बसल्या ते म्हणाले, "गाडीवर ताडपत्री दिसत नाही."

"दुरुस्त केली," मी म्हणाले. "दिगूकडून. टाकीत कचरा साचला होता, त्यानं बंद पडायची. तेव्हाही त्यानंच पडली असणार."

त्यांनी उघड्या डोळ्यानं अंगणात बघितलं.

"आणि स्विच?" ते म्हणाले. "स्विच काढलास?"

मी चहाचा कप हातात घेऊन उभी होते. तो मी खाली ठेवला. एवढ्या दिवसांत तयार केलेल्या वाक्यांतलं एकही तोंडात येईना.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"दवाखान्यात तू म्हणालीस ना, बंद पडली. तेव्हाच कळलं." ते हळू बोलत होते, हिशेबाचं बोलावं तसं. "गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा चटई काढून बघितलं. जोड सुटलेला होता. परत बांधून ठेवला."

"आणि मला सहा वर्षं..."

"तुला जायला माहेर होतं, नीला. मला वाटलं तू जाशील. मग इकडे कोण काय बोलतंय ते तुझ्या कानावरसुद्धा आलं नसतं. मी कुठं जाणार होतो? याच गावात, त्याच दुकानात बसायचं होतं मला." ते थांबले. "तू गेली नाहीस."

माझ्या अंगाची आग आग झाली. त्यांनी रडावं, माफी मागावी असं मला वाटत होतं, आणि ते नुसते बसून होते. मी गेले नाही हा जणू माझाच दोष होता. मी त्यांना म्हटलं, "मैथिलीला तुम्ही सांगायचं. आज. माझ्यासमोर."

"लहान आहे ती."

"तिला शाळेत जे सांगतात ते ऐकण्याएवढी मोठी आहे."

जेवताना त्यांनी सांगितलं. मी पानं वाढून दाराशी उभी राहिले आणि त्यांना पळवाट ठेवली नाही. त्यांनी सोपं करून सांगितलं. चोरानं गाडी नेऊ नये म्हणून मी एक बटण बसवलं होतं, त्याची वायर सुटली, म्हणून गाडी बंद पडली. आईनं काही केलं नव्हतं. ते मला आधीच माहीत होतं, पण मी बोललो नाही. बोलताना त्यांच्या हनुवटीवर भाताचं शीत लागलं होतं, तेही त्यांना कळलं नाही.

मैथिलीनं सगळं ऐकून घेतलं. घास तसाच हातात धरून तिनं विचार केला. मग तिनं मान वर केली, पण त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे.

"म्हणजे आजोबांनी मारलं बाबांना?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. एका डोळ्यानं, दुसरा पट्टीखाली. त्या घरात त्या वेळी माझ्याशिवाय उत्तर देणारं कुणी नव्हतं, हे त्यांना कळत होतं आणि मलाही. मी लगेच बोलले नाही. मुद्दाम बोलले नाही. आत जाऊन आमटीचं पातेलं आणलं, झाकण काढलं, पळी फिरवली, मैथिलीला वाढली, त्यांना वाढली. ते माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होते. मी बघू दिलं. पातेलं खाली ठेवलं, पळी धुऊन आणली, आणि मग मुलीला म्हणाले, "नाही गं. जेव आता, गार होतंय."